शिट्टीच्या अलीकडे

पहिल्यांदा एका सभागृहाची ध्वनिव्यवस्था माझ्याकडे आली, तेव्हा मिक्सरवरचा एकेक नॉब मला तोंडपाठ होता. कार्यक्रम साधा होता: एक व्याख्यान आणि त्यानंतर चार जणांची चर्चा. व्याख्यान देणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, आवाज मुळातच हलका. त्या हातातल्या कागदावरून वाचत होत्या आणि माइक हातभर लांब राहिला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी कानाला हात लावून खूण केली. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करणारी पट्टी, वर सरकवला आणि सगळं सभागृह शिट्टीनं भरून गेलं. बाई दचकून थांबल्या. मी फेडर खाली घेतला, पुन्हा खूण आली, पुन्हा वर, पुन्हा शिट्टी. पाऊण तास हेच चाललं. पुढे पुढे त्या माइकला घाबरून आणखी मागे सरकू लागल्या, म्हणजे मला आवाज आणखी वाढवावा लागू लागला. जे सांगायला त्या आल्या होत्या, ते पहिल्या चार रांगांपलीकडे गेलंच नाही. घरी जाताना याचीच टोचणी लागली होती.

दीड महिन्यानं त्याच सभागृहात त्याच बाईंचं दुसरं व्याख्यान होतं. मधल्या काळात मी इक्वलायझरबद्दल, म्हणजे वेगवेगळे स्वर वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या यंत्राबद्दल, मिळेल ते वाचलं आणि मग आयुष्यभर साउंडचं काम केलेल्या एका काकांना सोबत घेऊन रिकाम्या सभागृहात गेले. मी थेट मिक्सरपाशी बसले. ते म्हणाले, "अगं, तिथून काय दिसणार? आधी स्टेजवर चल."

स्टेजवर गेल्यावर पहिली चूक न सांगता दिसली. दोन्ही स्पीकर स्टेजच्या मागच्या भिंतीलगत होते आणि त्यांची तोंडं बोलणाऱ्याच्या पाठीकडे. म्हणजे बाईंचा आवाज माइकमध्ये जायचा, स्पीकरमधून बाहेर पडायचा आणि त्यांच्या खांद्यावरून परत त्याच माइकमध्ये शिरायचा. या एका फेरीत आवाज थोडा थोडा विरत गेला तर काही होत नाही. पण एखाद्या स्वराला फेरी संपताना सुरुवातीपेक्षा जास्त जोर मिळाला आणि तो तालात जुळून आला, की तो स्वर स्वतःच्याच जिवावर वाढत जातो. बोलणारा गप्प झाला तरी तो थांबत नाही. डेन्मार्कचे पदार्थविज्ञानी सोरेन लार्सन यांनी याचा उलगडा केला. फ्रेंच लोक या शिट्टीला आजही 'लार्सन'च म्हणतात.

शिट्टी एकाच स्वरात का येते, हे मला तोवर कळलं नव्हतं. स्पीकर ते माइक अंतर साधारण 3.4 मीटर असेल तर आवाजाला ते कापायला 10 मिलिसेकंद लागतात. मग दर 100 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांच्या अंतरानं, एक असा स्वर येतो, जो फेरी मारून बरोबर तालावर परततो. त्यांतल्या ज्याला खोली, स्पीकर आणि माइक मिळून सगळ्यात जास्त उचलून धरतात, तो आधी फुटतो. माइक वीतभर हलवला की शिट्टीचा स्वर बदलतो तो यामुळे. आणि यामुळेच एकदा शोधून ठेवलेली सेटिंग दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी चालेल, असं धरून बसू नये.

आम्ही स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेला, माइकच्याही पुढे आणि बाजूंना नेले, तोंडं श्रोत्यांकडे वळवली. या एकाच बदलानं, इक्वलायझरला बोटही न लावता, आवाज बराच वर घेता आला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. बंद खोलीत मात्र एका टप्प्यानंतर भिंतींवरून उसळलेला आवाजच जास्त होतो, त्यापुढे स्पीकर आणखी लांब नेऊन फारसं हाती लागत नाही. स्पीकर माइकच्या पुढे ठेवायच्या नियमाच्या उलट जाऊनही लोकांनी काम केलं आहे: 1974 साली ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं स्पीकरची अख्खी भिंत गायकांच्या पाठीमागे उभी केली होती. त्यासाठी त्यांना प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकाची लहर चढताना दुसऱ्याची उतरेल असे, जोडून लावावे लागले. दोन्हींत सारखा शिरणारा स्पीकरचा आवाज एकमेकांना खोडून टाकायचा आणि गायक त्यांतल्या एकाच माइकला ओठ लावून गायचा. माझ्यासारखीनं स्पीकर पुढे न्यावेत हे बरं.

मग बोलणाऱ्याचं तोंड आणि माइक यांतलं अंतर. माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. माइक 40 सेंटिमीटरवरून 10 सेंटिमीटरवर आणला की बाईंचा आवाज माइकमध्ये 12 डेसिबल जास्त येतो, आणि स्पीकरकडून परत येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. कुठलाही इक्वलायझर एवढा फायदा फुकट देत नाही. अडचण एकच होती: बाईंना कागद समोर धरायचा असतो आणि माइक मध्ये येतो. म्हणून आडव्या दांडीचा बूम स्टँड घेतला, माइक खालून आणि किंचित बाजूनं हनुवटीच्या दिशेनं आणला. बाजूनं आणल्यामुळे 'प', 'फ', 'भ' यांचे फटकेही कमी झाले. इतक्या जवळ खालचे स्वर फुगतात, म्हणून लो-कट, म्हणजे ठरावीक स्वराखालचं कापणारी सोय, 100 हर्ट्झवर लावला.

मॉनिटरच्या बाबतीत मला अगदी उलटं शिकावं लागलं. बाईंना स्वतःचा आवाज थोडा तरी ऐकू आला की त्या मोकळ्या बोलतात, म्हणून एक मॉनिटर, म्हणजे बोलणाऱ्याकडे तोंड केलेला छोटा स्पीकर, हवाच होता. मी तो माइकच्या बरोबर मागे ठेवला, कारण माइक मागून ऐकत नाही असं वाचलं होतं. तरी शिट्टी आली. काकांनी माइक हातात घेऊन नाव वाचलं आणि म्हणाले, "हा सुपरकार्डिऑइड आहे." साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक, बरोबर मागे, म्हणजे 180 अंशांवर, सगळ्यात बहिरा असतो. सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोन साधारण 126 अंशांवर, मागच्या दोन्ही बाजूंना असतात आणि थेट मागून त्याला थोडं ऐकू येतं. मॉनिटर तिरपा बाजूला सरकवला आणि शिट्टी गेली. तेव्हापासून कुठलाही माइक हातात आला की मी आधी त्याच्या डबीवरची, तो कुठून किती ऐकतो ते दाखवणारी पानासारखी आकृती पाहते. शुअर कंपनीचा 1966 पासून चालत आलेला एसएम58 हा माइक कार्डिऑइड आहे, त्याला मॉनिटर बरोबर मागेच ठेवायचा.

यानंतर कुठे आम्ही मिक्सरकडे वळलो. काकांनी स्टेजवरचा माइक उघडा ठेवला आणि मला फेडर अगदी हळू वर न्यायला सांगितला. आधी खोली नुसती घुमल्यासारखी वाटते, शब्दाच्या शेवटाला एक शेपूट येते. मग तो स्वर फुटतो. पहिला स्वर कानानं ओळखायचा: हूं असा घुमणारा असेल तर 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास, कूं असेल तर 1000 हर्ट्झच्या आगेमागे, कानात टोचणारी शिट्टी असेल तर 2500 हर्ट्झच्या वर. माझा कान तेवढा तयार नव्हता, म्हणून मी फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपवर, म्हणजे कुठला स्वर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर, सुळका कुठे उभा राहतो ते पाहिलं. आमचा इक्वलायझर 31 पट्ट्यांचा ग्राफिक होता, एकेका स्वरासाठी एकेक पट्टी. 315 ची पट्टी 3 डेसिबल खाली ओढली. पुन्हा फेडर वर, दुसरा स्वर, 2500. तिसरा 800. चौथ्याला मी हात पुढे केला तेव्हा काकांनी थांबवलं. पट्ट्या अशाच कापत गेलं तर शेवटी सगळाच आवाज कमी होतो आणि वर बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. नवी शिट्टी आधीच्या शिट्टीच्या अगदी मागोमाग यायला लागली की ग्राफिकचं काम संपलं असं समजायचं. शेवटी शिट्टी सुरू होते त्या जागेपासून फेडर 6 डेसिबल खाली आणला. एवढी मोकळीक ठेवली नाही तर शिट्टी आली नाही तरी आवाजाला धातूची झणझण राहते.

शिट्टी आपोआप शोधून कापणारं यंत्र घ्यावं का, असं मी विचारलं होतं. ते संगीतातला लांब धरलेला स्वरही शिट्टी समजू शकतं, म्हणून आम्ही ते टाळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाई लवकर आल्या. मागच्या वेळचं त्यांच्या लक्षात होतं, माइकपासून दोन पावलं लांबच उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "मागच्या वेळी चूक माझी होती. आज तुम्ही अगदी जवळ या, तो ओरडणार नाही." त्यांनी चार बोटांच्या अंतरावरून दोन ओळी वाचल्या, स्वतःचा आवाज ऐकला आणि मान डोलावली.

चर्चेत मात्र सावध राहावं लागलं. चार माइक एकदम उघडे ठेवले की एका माइकच्या तुलनेत 6 डेसिबल गमवावे लागतात. उघडे माइक दुप्पट झाले की दरवेळी 3 डेसिबल जातात. म्हणून जो बोलत नाही त्याचा फेडर मी खाली ठेवत होते. एका वक्त्यानं बोलण्याच्या भरात माइकची जाळी मुठीत धरली आणि लगेच घुमायला लागलं. मुठीनं मागची छिद्रं झाकली की कार्डिऑइड माइक चहूकडून ऐकू लागतो. मी फेडर उतरवून त्यांना हात खाली धरण्याची खूण केली, त्यांना कळली.

बाईंच्या व्याख्यानात एके ठिकाणी त्यांचा आवाज आणखी खाली गेला, जवळजवळ कुजबुज. माझं बोट फेडरवर होतं, पण हलवावं लागलं नाही. मी मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. कुणी खूण करत नव्हतं, सगळे पुढे झुकून ऐकत होते.

निघताना त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी कॉलरला लावायचा माइक द्या, हात मोकळे राहतील. तो तोंडापासून वीतभर खाली बसतो आणि त्यांतले बहुतेक चहूकडून ऐकतात, म्हणजे हे सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन सभागृहात गेले आणि बाई जिथे जिथे चालत जातील, तिथून स्पीकरपर्यंतची अंतरं मोजून लिहून आणली.