मोगऱ्याचं पाणी

"काय वं, मोगऱ्याले एवढं पाणी? पुरते वाट्टे तुमच्याइथं."

काकू बोलल्या आणि निघूनही गेल्या. जाताना ओट्यावरची भेंडी तेवढी नेली. सकाळपासून ते 'पुरते वाट्टे' डोक्यातून जात नाही.

पुरत नाही. नळ दिवसाआड, विहिरीचा तळ दिसायला लागलेला. काकूंना हे माहीत आहे, म्हणूनच बोलल्या. भेंडीला पाणी घातलं तर ते काम, फुलाला घातलं की हौस. आणि हौस म्हटली की हिशेब द्यावा लागतो.

तर हिशेब. जमिनीत लावलेला जुना मोगरा, बुडाशी कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुश्शाचा, थर असेल तर तिसऱ्या दिवशी १० लिटरवर भागतो. दोन झाडांचे २०. म्हणजे रोजचे ७ लिटरही पडत नाहीत. मांडवभर पसरलेला लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, वेल एकटाच दिवसाआड १५ लिटर पितो, आणि सध्या देतो काय, तर फुलंच! उन्हाळा चढला की वेलावर नर फुलं भरमसाट येतात. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाएवढी लवकी असते. लवकीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, काकडी-कारल्याचं सकाळी. त्यामुळे सकाळच्या मधमाश्या लवकीच्या फारशा कामाच्या नाहीत. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या तोंडावर हलकेच टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन माद्यांचं काम होतं. हे केलं नाही तर ती बोटभर लवकी पिवळी पडते, सडते, आणि बघणारे म्हणतात, पाणी कमी पडलं असेल.

पुन्हा पाणीच.

वैशाखात आपल्याकडे विदर्भात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या वर उडतं. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. झाड पितं त्याहून जास्त ऊनच पिऊन जातं, हे खरं दुखणं. त्यावर कुटारासारखं औषध नाही. सोयाबीनचं असो की तुरीचं, २ ते ३ इंच जाड पसरायचं, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकलं की उधई, म्हणजे वाळवी, चढलीच समजा. शेणखत कच्चं असेल तर उधईही येते आणि हुमणीही. म्हणून वर्षभर कुजलेलंच घालायचं आणि आळ्यात मूठभर निंबोळी ढेप मिसळायची. काळ्या मातीचं आणखी एक दुखणं म्हणजे भेगा. भेगाळलेल्या आळ्यात बादली ओतली तर पाणी मुळांना न भेटता सरळ पाताळात जातं. आधी खुरप्याने वरची माती मोकळी करून भेगा बुजवायच्या, मग पाणी, तेही सकाळी सातच्या आत. नंतर पाइप धरला तर त्यातलं पहिलं पाणी चहा टाकण्याइतकं तापलेलं असतं, ते रस्त्यावरच सोडावं लागतं. आणि ते कोणाला दिसलं तर बघायलाच नको.

वांग्यांच्या मध्ये मातीची मटकी पुरली आहेत. पाच-सात लिटरचं, बिनरंगाचं मटकं गळ्यापर्यंत पुरायचं, भोवती वाळू मिसळलेली माती दाबायची, फूटभर अंतरात रोपं लावायची आणि तोंडावर झाकण ठेवायचं. नाहीतर डास होतात. दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालतं. पाण्यात क्षार असतील तर वर्ष-दोन वर्षांत मटक्याची छिद्रं बुजतात. भरून ठेवलेलं मटकं बाहेरून पाझरत नसेल तर ते काढून फेकायचं. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं, तिथे ताईच्या घरी तर पाण्याचं वेगळंच रडगाणं. पाणी असून पानांच्या कडा जळतात. ताईला असं कोणी बोलत असेल का? असेलच.

पुदिन्याला मात्र कोणी बोलत नाही. तो रांजणाखाली आहे, गळतीवर जगतो, फुकटचा. सांबाराचंही, म्हणजे कोथिंबिरीचं, कौतुकच होतं, वास्तविक या दिवसांत तो सगळ्यात नखरेल. धने रगडून दोन फोडी करून रात्रभर भिजवायचे, भिंतीच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर सावली येते तिथे, दाट पेरायचे आणि उगवेपर्यंत वर ओलं पोतं ठेवायचं. तरी महिन्याच्या आत फुलोऱ्यावर जायला बघतो. म्हणून एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा. त्यापेक्षा चवळाई बरी, ऊन जितकं जास्त तितकी खूश. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली आहेच, पन्नास टक्क्यांची, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, आधारावर. पऱ्हाटी वापरताना सुकलेली बोंडं आधी झटकून जाळून टाकायची, बोंडअळी त्यातच दडलेली असते. नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, तो तर अजून यायचाच आहे.

पण मोगरा.

मोगऱ्याचं पाणी तोडायची वेळ असते, ती डिसेंबरात. तेव्हा तोडतोच आपण. जानेवारीत गुडघ्याएवढा ठेवून छाटायचा, उरलेली पानं उतरवायची, फेब्रुवारीत घमेलंभर शेणखत देऊन पाणी सुरू करायचं. कळी नव्या फुटीवरच येते. आणि आता, कळ्या भरायच्या दिवसांत ताण बसला की त्या बारीक राहतात, गळतात. हिवाळ्यात मोगरा कोरडा ठणठणीत होता. तेव्हा कोणी ओट्यावर येऊन म्हटलं नाही, "काय वं, मोगऱ्याले पाणीच नाई?"

शिवाय ते झाड कोणी लावलं, हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जाऊ दे.

उद्यापासून तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण सगळं मोगऱ्याला. चार माणसांच्या घरात ५ लिटर तरी निघतंच. न्हाणीचं साबणाचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीकडे जातं, ते तसंच राहू दे, पालेभाजीला ते नको. म्हणजे नळाचं पाणी मोगऱ्याला जवळजवळ लागणारच नाही. हे काकूंना सांगायचं की नाही? सांगितलं तर वाटेल मनाला लावून घेतलं. घेतलंच आहे म्हणा.

बसल्या बसल्या आणखी एक हिशेब केला. काकूंचा पत्र्याचा मोठा कूलर सकाळी दहाला लागतो तो रात्री उशिरापर्यंत चालतो. असा कूलर या कोरड्या हवेत तासाला पाच-सात लिटर सहज उडवतो. माझ्या दोन्ही मोगऱ्यांचं दिवसाचं पाणी त्यांच्याकडे दीड तासात खिडकीतून आत जातं. जाऊ दे बापड्या, त्यांना उकाडा सोसत नाही.

कूलरची टाकी धुताना खाली उरतं ते पाणी मागून आणावं, असंही मनात आलं होतं. पण ते चालत नाही. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. आळ्यात ओतलं तर मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतील. नाहीतर मी बादली घेऊन गेलेच असते.