पाटी, गोळी आणि कापसाचा बोळा

बाबांचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, तीस वर्षांचा. तोंडात दोन बोटं जाईनात, तरी "दाढ दुखते" एवढंच म्हणायचे. नागपूरला कॅन्सर निघाला. ऑपरेशन, शेक (रेडिएशन), सगळं झालं. आठ महिन्यांनी मानेत गाठ आली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता इलाज दुखण्याचा, रोगाचा नाही.

मॉर्फिनची गोळी 10 मिलिग्रॅमची, दर 4 तासांनी. "अफू आहे थे, आदत लागन," काका अडून बसले. आदत लागायला माणूस उरायला हवा ना! तरी मीही चुकलोच. बाबा कण्हले की मगच गोळी द्यायचो. नर्सबाई फोनवर म्हणाल्या, "दुखणं आल्यावर गोळी देणं म्हणजे पऱ्हाटी वाळल्यावर ओलित करणं हाय, दादा." मग मोबाईलवर गजर लावला. गोळी कुटून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून द्यायची. तिसऱ्या रात्री बाबा सलग झोपले. सोबतचं पोट साफ होण्याचं औषध मात्र मी फालतू समजून ठेवून दिलं होतं. पाचव्या दिवशी पोट दगडासारखं झालं, तेव्हा त्याची किंमत कळली.

बोलणं गेलं होतं. नातीच्या पाटीवर लिहायचे. एकदा नुसतं लिहिलं, "भाव?" मी कापसाचा भाव होता त्यापेक्षा पाचशेनं जास्त सांगितला. बाबांनी पाटी पुसली.

शेवटच्या आठवड्यात नळीतली पेज उलटून यायला लागली. दिवसभर झोप, पाय गार. आत्या रडायची, "उपाशी मारता का बाप्पा त्याले?" गावातल्या डॉक्टरनं दोन सलाईन चढवल्या. मी नाही म्हणू शकलो नाही. पाय सुजले, छातीतली घरघर वाढली. नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, शरीरच आता घेत नाही, जबरदस्ती करू नका, ओठ तेवढे ओले ठेवा. मग घरच्याच कापसाचा बोळा भिजवून आई ओठांवरून फिरवायची. आत्यालाही तेच काम दिलं, तिचं रडणं थांबलं.

पहाटे श्वासात खंड पडायला लागले. एक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. कानाशी मी शेतातलं सांगत राहिलो, कोणत्या वावरात किती वेचणी राहिली ते.

तेरवी झाल्यावर उरलेल्या 11 गोळ्या घेऊन एसटीनं नागपूरला गेलो. दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरच्या माणसानं त्या मोजून परत घेतल्या, वहीत सही घेतली.