धुतलेलं कोकोपीट आणि ढोबळीचं काळं बूड

सातारा जिल्ह्यातल्या एका पॉलिहाऊसमधून रंगीत ढोबळीचे फोटो आले. सोबत आधी फवारलेल्या दोन बुरशीनाशकांची नावं आणि ‘आता तिसरं कोणतं मारू?’ हा प्रश्न. फळांच्या बुडाशी तपकिरी, खोलगट, कोरडे डाग. शेंड्याची कोवळी पानं कडांनी आत वळलेली. ही लक्षणं झाडाला कॅल्शियम पोचत नसल्याची. डाग जुना झाला की त्यावर काळी बुरशी चढते आणि तिलाच मूळ दुखणं समजून औषधं मारली जातात.

मातीच्या बेडमध्ये सूत्रकृमी आणि मर हाताबाहेर गेल्यामुळे इथे यंदा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा भरलेल्या, ग्रो बॅगा आणल्या होत्या. बॅगा १ मीटरच्या, प्रत्येकीत ३ रोपं. निम्म्या शेडमध्ये लागवड होऊन पहिली फळं धरलेली, उरलेल्या बॅगा अजून कोरड्या, न कापलेल्या. पुढे त्यांचाच उपयोग झाला.

आधी टाक्या पाहिल्या. ए टाकीत कॅल्शियम नायट्रेट, बी टाकीत सल्फेट आणि फॉस्फेटची खतं. दोन्ही वेगळी, तळाला साका नाही. ड्रीपरच्या पाण्याचा पीएच ५.९, ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) २.०. मालकांनी बॅगा उतरवल्या त्या दिवशीची नोंद पुढे केली. ‘साहेब, भिजवून पाहिला होता, ईसी ०.५ आला. माल धुतलेलाच आहे.’

नोंद खरी होती, माल धुतलेलाही होता. पण ईसी मीटर पाण्यात किती क्षार सुटे आहेत एवढंच सांगतो. ते क्षार कोणते आणि भुशाला काय चिकटून बसलंय, हे त्याला कळत नाही. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर असतं. त्यात किनाऱ्यावर सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवली तर सोडियमही मुरतं. साध्या पाण्याने धुतलं की मोकळे क्षार जातात, कणांना धरून राहिलेले तसेच राहतात. मग ठिबकमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं की भुसा ते स्वतः धरतो आणि बदल्यात पोटॅश-सोडियम सोडतो. अदलाबदल बरोबरीची, त्यामुळे ईसी फारसा हलत नाही. मीटर गप्प, झाड उपाशी.

एका बॅगेखाली ट्रे ठेवून निचऱ्याचं पाणी घेतलं. ईसी २.६, म्हणजे ओरडण्यासारखं काही नाही. मग टायट्रेशन किटने कॅल्शियम आणि हातातल्या मीटरने पोटॅश मोजलं. ड्रीपरमध्ये कॅल्शियम १६५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), निचऱ्यात ८०. पोटॅशियम २२० चं ३८० झालेलं. फळावर आलेलं झाड पोटॅश जास्त उचलतं आणि कॅल्शियम मागे राहतं, म्हणून निचऱ्यात कॅल्शियम ड्रीपरपेक्षा वर असायला हवं. इथे सगळं उलटं. निदान तिथेच झालं.

भर पडली होती ती पाण्याच्या वेळेची. मातीच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ एकेकदा लांब पाणी, निचरा दिलेल्या पाण्याच्या जेमतेम १० टक्के. सुटलेलं पोटॅश बॅगेतच फिरत राहिलं.

उभ्या पिकात बॅगा साध्या पाण्याने फ्लश करायचा बेत होता, तो थांबवला. साधं पाणी चिकटलेलं पोटॅश हलवत नाही. उलट आहे ते कॅल्शियमही पातळ होतं. त्याऐवजी १३-०-४५ आणि ०-०-५० ही पोटॅशची खतं कमी करून पोटॅशियम १२० पीपीएमवर आणलं, कॅल्शियम नायट्रेट वाढवून कॅल्शियम २२० वर नेलं आणि मॅग्नेशियम सल्फेट थोडं चढवलं. पाणी दिवसात ८ ते १० वेळा, दर ड्रीपरला सुमारे १०० मिलि, सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी सुरू आणि मावळतीच्या दोन तास आधी बंद. निचरा तूर्त ३५ टक्के, घडी बसल्यावर २५ पुरतो. डागी फळं काढून टाकली, ती सुधारत नाहीत. पानांवर कॅल्शियम फवारून फळाला फार मिळत नाही. ते मुळांकडून पाण्याबरोबरच चढतं.

कोऱ्या बॅगांचं काम सोपं. चिरा न पाडता ड्रीपरनेच कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण भरायचं, लिटरला ५ ग्रॅम, बॅगेत साधारण १२ लिटर मावतं. २४ तास मुरू द्यायचं. मग उताराच्या बाजूला तळाशी चिरा द्यायच्या. चिर वर पडली तर खाली पाणी साचून मुळं कुजतात. त्यानंतर साधं पाणी सोडायचं, निचऱ्याचा ईसी विहिरीच्या पाण्याजवळ येईपर्यंत. आता ते चालतं, कारण निघालेलं पोटॅश मोकळं असतं. निचऱ्यात तरीही पोटॅश जास्त दिसलं तर द्रावणाची दुसरी फेरी.

रोपवाटिकांत कोकोपीट वर्षानुवर्षं वापरात आहे, म्हणून ते ओळखीचं वाटतं. पण ट्रेमधलं रोप महिनाभराचं, त्याला फळ धरायचं नसतं.

पुढचा लॉट घेताना विक्रेत्याकडे ‘धुतलेलं’ नव्हे, ‘बफर केलेलं’, म्हणजे असं कॅल्शियम नायट्रेटमध्ये आधीच मुरवून धुतलेलं, मागायचं आणि पोटॅश-सोडियमचा अहवाल बघायचा. नसेल तर कॅल्शियम नायट्रेटचा खर्च भावात धरायचा.

उभ्या पिकाचा निचरा आठवड्याला एकदा तपासायचं ठरलं. त्यातलं कॅल्शियम ड्रीपरच्या वर गेलं की पोटॅशियम परत २२० वर न्यायचं. त्यात उशीर नको, ढोबळी रंग धरताना पोटॅश मागते.