गायीच्या बादलीतला भात

श्रावणातला दिवस. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रावर गरोदर बायकांची तपासणी होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि ती काट्यावर उभी होती. ७०.१. कार्डावर मागचा आकडा पाहिला, तीन आठवड्यांपूर्वीचा : ७१.४. त्याच्या मागचा, चोविसाव्या आठवड्यातला : ७२.६. तिसावा आठवडा लागलेला आणि वजन खाली उतरतंय.

आधी संशय काट्यावर घेतला. आमचा काटा जुना आहे. फरशी जरा वरखाली असली की आकडा हलतो, म्हणून त्याची जागा मी खडूने आखून ठेवली आहे. दर सोमवारी पाच लिटरचा कॅन मापाने भरून त्यावर ठेवते. पाण्याचे पाच किलो आणि कॅनचं वजन भिंतीवर लिहिलेलं, बेरीज जुळली पाहिजे. छत्री, पर्स, चपला, ओला रेनकोट उतरवल्याशिवाय मी कुणालाच वर चढू देत नाही. पावसाळ्यात भिजलेली साडीसुद्धा खोटं वजन दाखवते. त्या दिवशी मी स्वतः चढून पाहिलं. काट्यात काहीच चूक नव्हती.

रक्तदाब घ्यायला तिला खुर्चीवर बसवलं, तर तिने टेबलाची कड घट्ट धरली. "सिस्टर, डोळ्यांपुढे काळोख येतो." बोटातून रक्त घेतलं, साखर ६६. ग्लुकोजचं पाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं. पंधरा मिनिटांनी ८९.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा. बिनसाखरेचा."

"आणि काल रात्री?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हाका जेवपाक भंय दिसता." मला जेवायची भीती वाटते. वीस वर्षं या नोकरीत आहे. गरोदर बाईच्या तोंडून उलट्या, जळजळ, माती खायची इच्छा, सगळं ऐकलंय. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

भीती कुठून आली ते सांगायला हवं. उंची १५२ सेंटीमीटर, दहाव्या आठवड्यात वजन ६८. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २९ च्या वर. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवून दिलेल्या आकड्यांप्रमाणे अशा बाईचं वजन नऊ महिन्यांत ७ ते ११.५ किलो वाढलेलं चालतं. सडसडीत बाईला १२.५ ते १८ लागतात, मध्यम बांध्याच्या बाईला ११.५ ते १६, आणि बीएमआय ३० च्या पुढे असेल तर ५ ते ९ पुरे. चोविसाव्या आठवड्यापर्यंत ही ४.६ वाढली होती. जरा वरच्या बाजूला, पण मर्यादेत. त्याच सुमाराला आम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतो. १४० किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तिची १५१ आली.

घरच्यांनी तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथून एक छापील तक्ता मिळाला, १,२०० कॅलरींचा. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल, भाजलेला मासा. भात बंद. तो कागद मी हातात घेतला तेव्हा मला खरंच राग आला. गरोदर बाईला नेहमीपेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात असं आपल्याकडची पोषणसंस्था सांगते. वजन आधीच जास्त असेल तर तेवढ्या नकोत, हे मान्य. पण १,२०० मध्ये उपास होतो. आणि श्रावणात आमच्याकडच्या हिंदू घरात नुस्तं, म्हणजे मासे, शिजत नाही, चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावरच माशांचा वास येतो. म्हणजे त्या तक्त्यातलं एकमेव प्रथिनही गेलं. ब्रोकोली आमच्या आठवड्याच्या बाजारात दिसत नाही. उरलं काय? तांबडी भाजी आणि चतकोर पोई, म्हणजे आमचा कोंड्याचा पाव. त्यात तिच्या थोरल्या बहिणीचं बाळ चार किलोचं, सिझेरियन झालेलं. फुलां माळायच्या दिवशी, म्हणजे डोहाळजेवणाला, बायका तिच्याकडे बघून म्हणाल्या, "केवढी सुटलीस गो!" तीन तासांनी त्याच बायका ताटात आग्रह करत होत्या, दोघांचं खा म्हणून. आपल्या समाजाला गरोदर बाईच्या शरीरावर बोलायचा एवढा हक्क कुणी दिला, मला कळत नाही.

आणि मी. सत्ताविसाव्या आठवड्यात वजन सव्वा किलोने कमी दिसलं तेव्हा मी काय केलं? कार्डावर ७१.४ लिहिलं, तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान, ताब्यात आलं." रांगेत सव्वीस जणी होत्या, लसीची पेटी उघडली होती. रजिस्टरात वजनाचा रकाना आहे, रक्तदाबाचा आहे, हिमोग्लोबिनचा आहे. काय जेवलीस, याचा नाही. पण रजिस्टराने काही मला विचारायला बंदी केली नव्हती. माझ्या त्या "छान"वर ती पुढचे तीन आठवडे जगली. तिने स्वतः सांगितलं मला.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, कीटोन दोन प्लस, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळत होतं. पोटाची उंची २८ सेंटीमीटर, बाळाचे ठोके १४४. डॉक्टर तरुण आहेत, चिडले नाहीत, तिच्याशी सावकाश बोलले. असे फार थोडे.

दुपारी मी तिच्या घरी गेले. सासूबाई रडायलाच लागल्या. "बाय, ताट घेऊन सोप्यावर जायची. मला वाटायचं जेवते. गायीच्या बादलीत भात दिसायचा तेव्हा कळायला हवं होतं मला."

मी म्हटलं, "काकी, तुमची दवली दाखवा."

करवंटीची दवली, भात वाढायची पळी. त्या दवलीने दोन वेळा वाढलं की त्यांच्या घरातली एक वाटी भरते, हे आम्ही तिघींनी चुलीपाशी बसून मोजलं. तक्ता मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिला, दवलीच्या मापात. अकराची पेज ठेवली, कारण ती तोडली तर या घरात काहीच टिकणार नाही. फक्त उकड्या तांदळाची शितं एक वाटी, वर निवळ कमी, आणि सोबत मिस्कुटाच्या लोणच्याऐवजी वाटीभर मूग. श्रावणात मूगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची आमटी, होतातच. त्या सणापुरत्या न ठेवता दिवसाआड करायच्या. मधल्या दिवशी अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची आमटी, नारळ निम्मा. जेवताना आधी भाजी आणि कडधान्य, भात शेवटी, दोन दवल्या. चार वाजता ताक आणि भाजलेले चणे. रात्री निजताना कपभर दूध, कारण रात्रीचा उपास लांबला की सकाळी कीटोन येतात. नाचण्याचं तिझाण गोडाचं आहे, ते बाळंतपणानंतर. गरोदर बाईला दिवसभरात निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, भात शून्य करून ती येणार कुठून? हे समजावताना माझा आवाज चढला असेल.

चालण्याचं आणखी कठीण. आठवड्याला १५० मिनिटं, दम लागला तरी बोलता आलं पाहिजे अशा वेगाने, हे सांगायला सोपं. श्रावणात आंगणात शेवाळ, रस्त्यावर तांबडा चिखल. पडली तर? घराचा सोपा मोजला, बारा पावलं. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं सोप्यावरच येरझाऱ्या. जेवणानंतर चालल्याने साखर तिथेच उतरते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, मी पण चालते. दोघी चालायच्या. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन खुर्चीवर बसून हातांचे व्यायाम दाखवले. उताणं पडून काही करायचं नाही, एवढं बजावलं.

दोन आठवडे नुसत्या आहारावर बघायचं आणि जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल तर औषध, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. ११४ आली. इन्सुलिन लागलं नाही. बत्तिसाव्या आठवड्यात वजन ७०.९, छत्तिसाव्यात ७२.५. चवथीला तिने एक नेवरी, म्हणजे गोड करंजी, खाल्ली आणि मला फोन करून सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं. ते ऐकून बरं नाही वाटलं.

३९ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाळाने आतच शी केली, ठोके उतरले, सिझेरियन करावं लागलं. मुलगी, २,८७० ग्रॅम. मोठं बाळ मुळीच नव्हतं. दोघी सुखरूप.

पाचव्या दिवशी टाके बघायला गेले तेव्हा तिने बाळाकडे बघतच विचारलं, "सिस्टर, शेवटी शेवटी जेवले म्हणून झालं का?"

मी नाही म्हटलं. ठोके का उतरले, वजनाशी त्याचा संबंध कसा नव्हता, सगळं सांगितलं, दोनदा. तिने मान हलवली. आमच्या बायका सिस्टरला बरं वाटावं म्हणून हलवतात तशी.

येत्या गुरुवारी सहा आठवडे पूर्ण होतात. पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासायचंय, मधुमेह गेला की राहिला ते. फोन केला तर सासूबाईंनी उचलला. मी पहिल्यांदा विचारलं, "काकी, जेवते ना ती?" त्या म्हणाल्या, "आता ताट घेऊन माझ्याजवळच बसते." बादलीबद्दल विचारायचं माझ्या ओठांवर होतं. विचारलं नाही. गुरुवारी ग्लुकोजची पुडी घेऊन मीच घरी जाणार आहे, जेवणाच्या वेळेपर्यंत थांबेन.