डिफेंडर पुरतो, पण तो चालू असला तर

नवा लॅपटॉप घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात अँटीव्हायरस कोणता टाकायचा? नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या संगणकांची डागडुजी अनेक वर्षे माझ्याकडेच येत असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला वारंवार द्यावे लागते, आणि अलीकडे ते मी एका वाक्यात देतो. अद्ययावत विंडोज असलेल्या घरगुती संगणकाला त्यात मुळातच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरेसा आहे, मात्र तो घरातल्याच कोणी बंद करून ठेवलेला नसावा. वाक्याचा उत्तरार्ध ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतो, पण माझ्या मते खरा विषय तोच आहे.

डिफेंडरवर लोकांचा विश्वास नसण्याला पूर्वी सबळ कारण होते. विंडोज व्हिस्टाबरोबर जो डिफेंडर आला, तो केवळ हेरगिरी करणारे प्रोग्राम शोधत असे. व्हायरस पकडणे हे त्याचे कामच नव्हते. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा मोफत अँटीव्हायरस दिला, परंतु २०१२ मध्ये जर्मनीतील एव्ही-टेस्ट या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र त्याला मिळू शकले नाही. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस झाला. आपल्याकडे तोवर विकतचा अँटीव्हायरस ही खरोखरच गरज होती, आणि संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभे केलेले क्विक हील घरोघरी पोचले ते याच गरजेपोटी. असेंबल केलेल्या पीसीच्या बिलात अँटीव्हायरसच्या सीडीची एक ओळ असायचीच. त्या काळात पडलेली सवय अजून टिकून आहे, परिस्थिती मात्र बदलली आहे. त्याच एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत गेली काही वर्षे डिफेंडरला पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण मिळत आले आहेत.

त्याची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. अनोळखी फाइल समोर आली की डिफेंडर बऱ्याच अंशी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून निर्णय घेतो. त्यामुळे इंटरनेट नसताना त्याची पकड सैल होते, आणि हे ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांतही दिसलेले आहे. घरच्या संगणकाला याचा फारसा त्रास होत नाही. झेरॉक्सच्या दुकानातला, नेटला न जोडलेला आणि दिवसभर ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्ह खुपसून घेणारा संगणक असेल, तर मी वेगळा सल्ला देईन.

आता बंद करण्याविषयी. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या संगणकांमध्ये डिफेंडरला चकवून कोणी आत शिरले असे क्वचितच आढळते; बहुतेक वेळा त्याला आधी बाजूला केलेले असते. फोटो एडिटिंगचे किंवा डीटीपीचे महागडे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून फुकटात मिळवायचे असते. त्याची झिप फाइल पासवर्ड लावून दिलेली असते, कारण त्यामुळे अँटीव्हायरसला आत डोकावता येत नाही, आणि सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये सूचनांचा पहिलाच क्रमांक असतो की आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाचच ओरडतो. विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या प्रोग्रामांचीही हीच तऱ्हा असते. अशा क्रॅकबरोबर आलेल्या रॅन्समवेअरचे, म्हणजे फाइली ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांचे, ठळक उदाहरण म्हणजे स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे कुटुंब. ते फोटो आणि कागदपत्रे कुलूपबंद करते, प्रत्येक फाइलच्या नावाला नवे शेपूट जोडते आणि फोल्डरात एक चिठ्ठी ठेवते, जिच्यात ९८० डॉलर मागितलेले असतात आणि ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्मी सवलत देऊ केलेली असते. त्याच्या काही जुन्या प्रकारांतील फाइली सोडवण्याचे साधन २०१९ मध्ये मोफत उपलब्ध झाले, पण नंतरच्या बहुतेक प्रकारांत ते चालत नाही.

याहून नकळत होणारी गोष्ट म्हणजे एक्सक्लूजन्स. डिफेंडरने कोणत्या फोल्डरकडे पाहू नये याची ही यादी असते. क्रॅक टाकताना त्यात भर घातली जाते आणि पुढे ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी यादी तशीच राहते. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये अगदी खाली गेले की ती दिसते. त्यात अख्खा सी ड्राइव्हच नोंदवलेला मी पाहिला आहे. वर हिरवी खूण, संरक्षण चालू असल्याची ग्वाही, आणि प्रत्यक्षात तपासणी कशाचीच नाही. ही यादी प्रत्येकाने एकदा उघडून पाहावी आणि तिच्यात जे असेल ते काढून टाकावे. घरच्या संगणकावर ती रिकामी असण्याने सहसा काहीही अडत नाही. व्हायरसनी परस्पर डिफेंडर बंद करू नये म्हणून २०१९ मध्ये टॅम्पर प्रोटेक्शन ही सोय आली, परंतु मालकाने स्वतः माउस हातात घेऊन ती बंद केली तर तिचा काय इलाज चालणार?

यावर कोणी म्हणेल की विकतचा अँटीव्हायरस घेतला असता तर हे टळले असते. ते पटत नाही, कारण क्रॅकची सूचना विकतच्या अँटीव्हायरसलाही तितकीच लागू असते. सध्या फोफावलेल्या दुसऱ्या एका युक्तीत तर फाइल डाउनलोडही करावी लागत नाही. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारे पान उघडते आणि विंडोजच्या बटणाबरोबर आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर दाबायला सांगते. म्हणजे गुपचूप कॉपी झालेली आज्ञा आपणच आपल्या हाताने चालवतो. पुढे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (आपण आधीच लॉगिन केले आहे हे साइटला सांगणाऱ्या खुणा) चोरीला जातात, आणि चालू असलेल्या लॉगिनची कुकी हाती लागली की ओटीपीचीही गरज उरत नाही. वीजबिलाच्या नावाखाली फोन करून संगणक दुरून हाताळणारे ॲप घ्यायला लावणाऱ्या भामट्यांचेही तसेच आहे. ते ॲप अस्सल असते, म्हणून कोणताच अँटीव्हायरस त्याला सहसा हटकत नाही.

बाहेरचा अँटीव्हायरस म्हणजे निव्वळ जादा सुरक्षितता, असेही समजू नये. अवास्ट या नामांकित कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले, २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वर्गणीचे पैसे वाचवून त्यात एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी, तिच्यावर फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत ठेवावी, आणि प्रत घेऊन झाली की वायर काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

अपडेटबद्दल थोडेसेच सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावरील डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती २०२८ पर्यंत मिळणार आहे खरी, पण तेवढ्याने खुद्द विंडोजमधल्या फटी बुजत नाहीत.

मी हाताळतो त्या प्रत्येक संगणकावर आता मुलांसाठी वेगळे, साधे खाते उघडून देतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आईवडिलांकडेच ठेवायला सांगतो. साध्या खात्यातून डिफेंडर बंद करायचा किंवा एक्सक्लूजन्समध्ये काही घालायचे म्हटले की तो पासवर्ड मागितला जातो. एखादा खेळ चालत नाही म्हणून मुले कुरकुरतात. अशा वेळी पासवर्ड देण्याआधी आईवडिलांनी तो खेळ आणला कुठून, एवढे विचारावे.