शेजारच्या ओळीतली सोबत

आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या संगणकीय जगात, माणसे जवळ यावीत म्हणून जागा रचताना बहुधा प्रथम गोल टेबल मांडले जाते आणि सगळ्यांना समोरासमोर बसवले जाते. मला मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शिवारातली कापूसवेचणी अधिक उपयोगाची वाटते. वेचणीला बाया शेजारशेजारच्या ओळी धरतात, नजर बोंडांवर, दोन्ही हात कामात, कमरेच्या ओटीत कापूस साठत जातो आणि घरात जे बोलता येत नाही ते, कोणाच्या तोंडाकडे न पाहता, सहज बोलून होते. एखादी मागे पडली, तर शेजारची तिच्या ओळीतली चार झाडे न सांगता वेचून देते.

हेडसेटमध्येही हेच जमावे, असे मला मनापासून वाटते: हातांना सोबतीने करण्याजोगे संथ काम, दिशा आणि अंतराप्रमाणे कमीजास्त होणारा आवाज, आणि गप्प राहण्याची मोकळीक.

अंतराचा प्रश्न नाजूक आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी अमेरिकी माणसांच्या निरीक्षणावरून 1.5 ते 4 फूट हे व्यक्तिगत अंतर मानले. फेसबुकची मालक कंपनी मेटाने फेब्रुवारी 2022 मध्ये होरायझन वर्ल्ड्स या आपल्या आभासी जगातल्या अवतारांमध्ये, म्हणजे माणसांच्या तिथल्या आकृत्यांमध्ये, जवळपास 4 फुटांचे अंतर सक्तीचे केले आणि पुढे ते बदलण्याची मुभा दिली. छळाचे प्रकार पाहता ते आवश्यकच होते. अनोळखी माणसासाठी हे कुंपण असावेच. नागपूरला शिकायला गेलेल्या लेकीला मात्र आईच्या खांद्याला खांदा लावून बसता यावे, आणि ते कुंपण उघडायचे की नाही हे त्या दोघींनीच ठरवावे.