रेझ्युमेमध्ये आंब्याचा हंगाम लिहावा का?

नोकरीसाठी अर्ज करण्याआधी ओळखीची मुले आपला रेझ्युमे माझ्याकडे वाचायला पाठवतात. रत्नागिरी, लांजा, राजापूर या भागांतून येणाऱ्या रेझ्युमेंमध्ये एक गोष्ट मला सतत खटकते. पुण्यात महिनाभर केलेली डेटा एंट्री ‘अनुभव’ म्हणून ठळकपणे लिहिलेली असते, पण दरवर्षी मार्च ते मे घरच्या बागेत राबल्याचा साधा उल्लेखही नसतो. विचारले की उत्तर येते, “ते काय, घरचंच काम.”

हे मला मुळीच पटत नाही. आंबा झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या साधनाने) देठासकट उतरवणे, चीक सालीवर ओघळून डाग पडू न देणे, वजनाप्रमाणे प्रतवारी लावून पेट्या भरणे, गाडी वाशीच्या मार्केटला वेळेत रवाना करणे आणि दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आपल्या वहीशी ताडून पाहणे, ही कामे ज्याने मन लावून केली आहेत, त्याला फळप्रक्रिया कारखान्यातली मालाची तपासणी किंवा गोदामातली आवक-जावक अगदी मुळापासून शिकवावी लागत नाही. अशा जागेसाठी हा अनुभव पहिल्याच पानावर हवा, आणि तोही कामांच्या नेमक्या वर्णनासह. ‘वडिलांना बागेत मदत केली’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तोच मुलगा पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करणार असेल, तर मजुरीचा आणि पट्ट्यांचा हिशेब ठेवल्याचे लिहावे, बाकीचा तपशील खुशाल गाळावा. मालवण-तारकर्लीकडे घरच्या निवास-न्याहारीचे बुकिंग सांभाळणाऱ्या मुलींनाही माझे हेच सांगणे आहे.

मच्छीमार कंपन्यांत किंवा बोटींवर काम केलेल्यांची अडचण थोडी वेगळी असते. पावसाळी मासेमारी बंदीमुळे जून-जुलैत काम थांबते आणि तारखा तुटक दिसतात. बाहेरगावच्या अधिकाऱ्याला त्यामागचे कारण ठाऊक असेलच असे नाही, म्हणून ‘हंगामी, ऑगस्ट ते मे’ असे स्पष्ट लिहावे.

काय गाळावे, याचा विचार मात्र जपून करायला हवा. रेझ्युमे ही आपण केलेली निवड असते, त्यामुळे अर्ज केलेल्या पदाशी संबंध नसलेली जुनी, अल्पकाळाची नोकरी त्यातून वगळली तरी हरकत नाही. पण कंपनीच्या किंवा सरकारी भरतीच्या छापील अर्जात ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना असेल, तर तिथे काहीही लपवू नये. जिथे भविष्य निर्वाह निधी कापला गेला, तिथली नोंद यूएएन या निधीच्या कायम क्रमांकाखाली राहते आणि नव्या कंपनीच्या पडताळणीत ती समोर येऊ शकते. सरकारी भरतीत अनुभवाची अट असेल, तर सहसा प्रमाणपत्रही मागतात; म्हणून शेजारच्या बागायतदाराकडे किंवा कॅनिंगच्या कारखान्यात हंगाम केला असेल, तर तो संपताच कामाचे स्वरूप आणि तारखा नमूद केलेले पत्र मालकाच्या सहीने मागून घ्यावे.